गाठीतलं हळकुंड

२० फेब्रुवारी १९८७, शुक्रवार

आणलं एकदाचं! चंद्रप्पा आप्पाला उचलून आणलं. उचलून म्हणजे इज्जतीनं — जीपमध्ये पुढं बसवून, पायाशी पितळी तांब्या, मांडीवर पूजेची पिशवी. बन्सीधर ड्रायव्हर, मी मागं उभा. चुडाव्याचं रेल्वे फाटक बंद होतं तिथं थांबलो तेव्हा आप्पा मागं वळून म्हणाले, "भुजंगराव, दुकानाचं कुलूप लागलं का बघितलंत?"

बघितलं, म्हणालो. कुठलं बघतोय! मी तेव्हा आप्पांच्या माडीच्या खिडकीकडं बघत होतो.

आता सगळे इथं, दिनकररावांच्या शेतातल्या आखाड्यावर. विहीर, पत्र्याच्या दोन खोल्या, गोठा, चारी बाजूंनी उभी ज्वारी. नाव काय — तर हुरडा पार्टी! हुरडा संपून महिना झाला. मुंजाजी मेंबर जीपमधून उतरल्या उतरल्या एक कणीस दाताखाली धरून म्हणाला, "दिनकरराव, हुरडा हाय का गिट्टी? दात पडला तर पालिकेतून बसवून द्याल ना?"

खरी गोष्ट सगळ्यांना ठाऊक. तीन मार्चला नगराध्यक्षाची निवडणूक. मतं मेंबरांची, सभागृहात हात वर करून. दिनकरराव आत्ताचे अध्यक्ष, त्यांना खुर्ची दुसऱ्यांदा पाहिजे. समोर माणिकराव, हळदीचा आडत्या. अर्धे मेंबर इकडं, अर्धे तिकडं, अन् मधोमध एकटा चंद्रप्पा आप्पा. तो ज्याच्याकडं, खुर्ची त्याची. म्हणून आपली माणसं आखाड्यावर ठेवायची अन् मतदानाच्या सकाळी थेट पालिकेच्या दारात उतरवायची. माणिकरावानं त्याची माणसं माहूरला नेलीत म्हणे, दर्शनाला. गावात सगळ्यांनाच एकदम भक्ती आलीय!

पण मला एक कळत नाही. आप्पा कुणालाच 'हो' म्हणत नाहीत. विचारलं की "बघू". मग दिनकररावांच्या एका निरोपावर पिशवी घेऊन जीपमध्ये बसले कसे? इतक्या सहज? ह्यात काहीतरी आहे.

दिनकरराव मला विहिरीमागं घेऊन गेले. "भुजंग, चंद्रप्पाची सावली हो. ते हिरीवर गेले तर हिरीवर. परसाकडं गेले तर तांब्या तू धर." अन् मग खांद्यावर हात ठेवून, हळूच — "एकदा खुर्ची येऊ दे. मी सोता चंद्रप्पाच्या घरी जातो. त्याच्या पोरीचा, महानंदाचा इषय मीच काढतो. मराठा-वाणी काय ते बघून घेऊ. नगराध्यक्षाला कोण न्हाई म्हणतंय?"

दिवाळीत मीच त्यांना सांगितलं होतं. जगात दुसऱ्या कुणाला नाही. आईलाही नाही. त्यांनी तेव्हा पाठीवर थाप मारली होती. ती थाप अजून पाठीवर आहे!

आखाड्यावर मटण शिजतंय, अन् आप्पा लिंगायत, कडक. इथल्या चुलीचं पाणीसुद्धा घेणार नाहीत. घरून डबा आणावा लागेल. "कोण जाईल रोज?" असं दिनकरराव म्हणायच्या आत मी म्हणालो — मी!

मिशीत हसले.

२१ फेब्रुवारी

गेलो. दिनकररावांची राजदूत फटफटी घेऊन. दुकान बंद, बाजूच्या बोळातलं दार उघडं. ती आली. हातात डबा, वर निळ्या फडक्याची गाठ.

"आप्पा राती काय जेवले?"

"दूध. दोन केळी."

"आन् तुमी?"

मी? मी काय सांगणार! रश्शाची भाकरी हाणली होती. "काही नाही," म्हणालो. ती हसली. मिशीला रस्सा लागलेला असतो काय रात्रभर? आरशात बघायला पाहिजे होतं.

मागून मल्लम्मा काकू, तिची आई — "महानंदा, किती येळ!" दार लागलं. मी डबा छातीशी धरून बोळातच दोन मिनिटं उभा.

अकरावीत मी एका पोराला पुस्तक फेकून मारलं होतं. पोरगं भलतंच निघालं, शिट्टी दुसऱ्यानं मारली होती. तेव्हा ही पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "भुजंग, तुमी आधी मारता आन् मग इचारता." त्या दिवसापासून मी गेलो कामातून. बारावी झाली, तिला घरी बसवलं. मी परभणीला कॉलेजात. ते दुसऱ्या वर्षी सुटलं. नामांतराच्या मोर्च्यानं परीक्षा पुढं गेलेली, सगळी पोरं तापलेली, अन् हॉलतिकिटाच्या खिडकीवर क्लार्क म्हणतो तुझं नाव नाही. मी खिडकीतून हात घालून त्याची कॉलर धरली. मागनं कळलं — मी एम.ए.च्या खिडकीवर उभा होतो. काढून टाकलं. टाकू दे!

आप्पांची सकाळची पूजा बघितली. गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवतात, भस्म, बेल, अन् त्याच्याशी काहीतरी पुटपुटतात. काय पुटपुटतात? जवळ जाऊन ऐकायचा प्रयत्न केला. डोळे न उघडता म्हणाले, "भुजंगराव, सावली पडायली."

२२ फेब्रुवारी

आज ती दारात आली नाही. मल्लम्मा काकूंनी अर्ध्या दारातून डबा दिला. अर्ध्याच! बाहेर परक्या वहाणांचे तीन जोड. नवे, करकरीत. आत पुरुषांचे आवाज. "कोण आलंय काकू?" — "पावनं." एवढंच. दार बंद.

नवरा आखाड्यावर अन् घरात पाहुणे? कुणाकडून? माणिकरावाचीच माणसं. दुसरं कोण?

बन्सीधरला विचारलं, गावात कुणाची गाडी दिसली का. तो सकाळी चुडाव्याच्या स्टेशनावर होता, अध्यक्षसाहेबांचे कुणी उदगीरचे व्यापारी पॅसेंजरनं आले, त्यांना घ्यायला. म्हणाला, "मला काय दिसतंय? मी भस्माचे पट्टेच मोजायलो होतो, एकेकाच्या कपाळावर तीन-तीन." हा बन्सीधर फालतू बोलतो.

२३ फेब्रुवारी

धरला! रंगेहाथ — अक्षरशः रंगेहाथ, पिवळ्या हातांनी!

आप्पाच्या दुकानासमोर माणिकरावाच्या आडतीचा हमाल बसला होता. कोपरापर्यंत पिवळा. मी गाडी उभी केली अन् गचांडी धरली. "कशाला आलास इथं?"

"सोडा की ओ! हळद टाकायला आलतो. एक पोतं. वयनीनं मागिवली."

"दुकान बंद असताना हळद?"

"मला काय इचारता? मी पोतं हाय का शेट हाय? वझं दिसलं की उचलायचं!"

एक ठेवून दिली. लोक जमले. मल्लम्मा काकू बाहेर येऊन माझ्याकडं अशा बघायला लागल्या की जणू मीच चोर. "आवो, शिवरात्रीनंतर लोकं वर्साची हळद भरतेत. दुकानाला माल नको का?" असं म्हणाल्या खऱ्या. पण एवढ्या लांबण लावून कोण सांगतं? ज्याच्या मनात पाप तोच.

आखाड्यावर आल्यावर आप्पाला नजर रोखून सांगितलं, "तुमच्या दारात माणिकरावाचा माणूस होता." भाकरी मोडता मोडता म्हणाले, "मारलंत का त्याला?"

कसं कळलं ह्यांना? आखाड्यावर बसून? कुणीतरी बातम्या पोचवतंय!

मुंजाजी म्हणतो, "येड्या, तुझ्या शर्टावर हळदीची पाची बोटं हायत."

२४ फेब्रुवारी

आधी आनंद लिहितो. मग दुसरं.

ती आली! एकटी. मल्लम्मा काकू आत कुणाशी तरी बोलत होत्या. तिचे डोळे सुजलेले. जागरण झालं असेल. डबा हातात देताना सोडीचना. दोघांचे हात डब्याला.

"डबा कोण उघडतंय तिथं?"

"आप्पाच."

"आजची गाठ तुमी सोडा." मग परत — "तुमीच. वाटंत."

आतून हाक आली, गेली. मी गाडी कुठून कुठं चालवली आठवत नाही. नदीच्या पुलाजवळ बाभळीखाली थांबून गाठ सोडली. फडक्याच्या टोकात — हळकुंड! एकच. बोटाएवढं.

हळद! मी ओरडलो असेन, कारण एक म्हैसवाला थांबून बघायला लागला. तिनं मला हळद पाठवली! दुसरा अर्थ असतो काय? मी त्याचा वास घेतला. कपाळाला लावलं. म्हैसवाल्याला रामराम घातला.

अन् मग तेच हळकुंड उन्हात धरून नीट बघितलं.

चकचकीत होतं. पॉलिश केलेलं. आपल्या घरातलं हळकुंड असतं मळकं, केसाळ. असं सोन्यासारखं निघतं ते फक्त ढोलात फिरवलेलं, अन् तो ढोल आख्ख्या गावात एकाच शेडमध्ये आहे. माणिकरावाच्या.

परवा पाहुणे, काल पोतं, आज हळकुंड. कडीला कडी! ही खूण आहे. माणिकरावानं आप्पाला पाठवलेली — सौदा पक्का, घरच्यांशी बोलणं झालं. अन् ती गाठ मी सोडायची कशासाठी? म्हणजे उद्या बोंब झाली तर हळकुंड भुजंगच्या खिशात सापडावं! किंवा मी बावळटासारखं आप्पापुढं धरून म्हणावं, "बघा, तुमच्या पोरीनं दिलं" — अन् खूण पोचावी! मला हमाल केलं. त्या पिवळ्या हातांच्या हमालात अन् माझ्यात फरक काय?

तिला हे माहीत असेल? नसेल. आईनं सांगितलं असेल, तिनं केलं असेल. पण डोळे सुजलेले का? भीतीनं. खोटं बोलताना माणसाला भीती वाटतेच.

नाही. ती तशी नाही.

पण हळकुंड तर माझ्या हातात आहे!

डबा आप्पापुढं ठेवला. त्यांनी गाठीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आज गाठ येगळीच बसलीय," म्हणाले. मी म्हणालो गाडीच्या हादऱ्यानं. थोडा वेळ थांबले, जणू मी अजून काही बोलेन. मग जेवायला बसले.

बघितलं? खूण शोधत होते!

२५ फेब्रुवारी

दिनकररावांच्या हातावर ठेवलं. सगळं सांगितलं. वहाणा, पोतं, ढोल, तिचं बोलणं शब्दान् शब्द. ते खाटेवर बसून सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला. हळकुंड फिरवून फिरवून बघितलं.

"कुणाला दाखिवलंस?"

"कुणालाच नाही."

"चंद्रप्पाला?"

"छे!"

"शाबास." खिशात टाकलं. "भुजंग, माझ्याजवळ पन्नास माणसं हायत, पण खरा माणूस तू." मग म्हणाले, "आता डब्याला बन्सीधर जाईल. तू चंद्रप्पाजवळून हलायचं न्हाई. गावाकडं तर अजिबातच न्हाई. माणिकराव तुझ्यावर डूख धरून असंल."

खरा माणूस! हे कॉलेजात कुणी म्हणालं नाही. घरी तर नाहीच.

तिला दाराशी बन्सीधर दिसेल. वाईट वाटेल तिला. पण तिच्यासाठीच तर चाललंय सगळं! आठ दिवसांनी कळेल.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

आप्पाला उपास. पहाटेपासून पूजा. बेल संपला म्हणून मला ओढ्याकडं पाठवलं. पाठवलं दिनकररावांनी, ते आज उजाडताच आले होते. "जा, ताजा आण, तीन पानी बघून आण." मी म्हणालो मी हललो तर? म्हणाले, "मी हाय की बसलेला."

बेल घेऊन परत येतोय तर दोघं विहिरीच्या काठावर. दिनकरराव बोलतायत, आप्पा खाली बघतायत. मी दिसल्यावर दिनकरराव उठले, धोतर झटकलं अन् मोठ्यांदा, सगळ्यांना ऐकू जाईल असं — "चंद्रप्पांनी शब्द दिलाय! लिंगावर हात ठिवून!"

जिंकलो!! मुंजाजीनं पत्र्याचं डबडं वाजवलं. मी तर सरळ दिनकररावांच्या पाया पडलो. त्यांनी डोळा मारला. म्हणजे हळकुंड दाखवूनच म्हाताऱ्याला उघडं पाडलं! माणिकरावाची खूण पकडली गेली म्हटल्यावर काय बोलणार? माझ्या हळकुंडानं काम केलं!

आप्पांना बेल दिला. घेतला नाही. डावी मूठ मिटलेली, तशीच.

"पूजा आप्पा?"

"झाली."

"बेल तर आत्ता आणला."

"आज पूजा लागली न्हाई भुजंगराव." मग विहिरीत बघत — "तुमाला भईण हाय का?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ द्या."

हे कसलं विचारणं? दुपारी पाणी प्यायला मूठ उघडली तेव्हा दिसलं, तळहात पिवळा. गंध असेल. शिवरात्रीला कुठलं गंध लावतात कुणास ठाऊक.

संध्याकाळी मुंजाजी शेंगदाण्याचे लाडू खाता खाता म्हणाला, "तुला काय कबूल केलंय रे दिनकररावानं?" मी दुसरा लाडू उचलला. "मला केलंय, विद्यापीठाला बाबासायबाचं नाव द्या असा ठराव आपल्या पालिकेत मांडू. मागल्या खेपंला बी हेच केलं होतं. म्हणजे शब्द एक, खुर्च्या दोन!" अन् हसत सुटला. मी म्हणालो, मग मत का देता? तर म्हणतो, "माणिकराव तेवढा बी शब्द देत न्हाई म्हणून."

ह्या मुंजाजीवरही नजर ठेवली पाहिजे.

२७ फेब्रुवारी

बन्सीधरनं डबा आणला. फडकं पांढरं. गाठ साधी. मी तपासली — काही नाही. वांग्याची भाजी, भाकर, जवसाची चटणी. "ती होती का?" — "कोण ती?" बेशरम.

१ मार्च, रविवार

सकाळी दिनकरराव स्वतः जीप घेऊन आले. आप्पांना मठात स्वामींच्या दर्शनाला नेतो म्हणाले. मी उडी मारून मागं चढलो तर — "तू नको. बाकीच्यांवर ध्यान ठिव. मुंजाजी लय बडबडायलाय."

दिवसभर बसलो. स्वामींचं दर्शन आत्ताच का? पण दिनकरराव बरोबर आहेत म्हटल्यावर काळजी कसली. ते नसते तर मी जीपमागं पळत गेलो असतो.

ऊन कलताना परत आले. आप्पांच्या डोक्याला नवा फेटा, केशरी. खांद्यावर कोरं उपरणं. कपाळावर भस्माच्या वर कुंकू. बन्सीधर गालात हसतोय. "मठात आहेर देतात का?" मी विचारलं. दिनकरराव म्हणाले, "स्वामींचा परसाद."

आप्पांनी स्वतःच्या हातानं डबा उघडला. पुरणपोळ्या! वर तुपाची धार. सण ना वार. सगळ्यात आधी माझ्या हातावर ठेवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या हाताला हात लावला.

"खावा."

"कशाबद्दल आप्पा?"

"खावा म्हणलं ना."

तीन खाल्ल्या. तिच्याच हातच्या असणार, कडेला तशी नखाची नक्षी होती. आप्पांनी एकही खाल्ली नाही. मी विचारलं तर म्हणाले, ग्वाड सोसत न्हाई.

मला वाटतं त्यांना कळलंय! दिनकररावांनी आजच माझा विषय काढला असेल. खुर्चीच्या आधीच! नाहीतर पहिली पोळी मला का?

२ मार्च

उद्या! झोप कसली. कोरा शर्ट बन्सीधरकडून मागवला.

३ मार्च, मंगळवार

एका मतानं. आप्पांचा हात. सभागृहाच्या दारातून मी बघत होतो. सगळे हात वर गेले, आप्पांचा शेवटी, कोपरातून वाकडा, जणू कुणी दोरीनं ओढतंय. पण गेला!

गुलाल. हलगी. दिनकररावांना खांद्यावर मी घेतलं, मीच! मिरवणूक आप्पांच्या बोळासमोर आली अन् मी वर बघितलं. माडीची खिडकी बंद. दाराला आंब्याचं तोरण. चौकटीला हळदीची पाच बोटं.

बघतच राहिलो. दिनकरराव खांद्यावरून म्हणाले, "चल, चल पुढं."

मी तिथंच त्यांना उतरवलं. गुलालात दोघंही. "साहेब, शब्द. आज जायचं ना आप्पाकडं?"

हलगी चालूच होती. ते माझ्या कानाशी आले. "आरं येड्या, तिची सोयरीक परवाच झाली. उदगीरचे. तालेवार लोकं, त्येंच्यातलेच. मीच जुळिवली. पुरण खाल्लास की तू!" पाठीवर थाप. तीच दिवाळीतली. "तुला आपल्यातली बघू. ह्याच्याहून गोरी."

मी काय केलं ते नीट आठवत नाही. गुलालाचं ताट जीपच्या काचेवर. काच फुटली. बन्सीधरनं मला मागनं धरलं. कुणीतरी मारलं, कानातून रक्त आलं. माणिकरावाच्या आडतीवरचे लोक हसत होते. तो हमालही होता. तो हसत नव्हता.

मी तिच्या साखरपुड्याच्या पोळ्या खाल्ल्या. तीन.

५ मार्च

घरातच. आई दाराला कडी लावून बाहेर बसते.

विचार करतोय तर सगळं स्वच्छ दिसतंय. दिनकरराव बेइमान, कबूल. पण तिला तर तेव्हाच माहीत होतं! बावीस तारखेचे पाहुणे तिला बघायलाच आलेले. मग हळकुंड मला कशाला? टोमणा! 'घे, माझी हळद लागतेय, तू डबे वाहा.' हसली असेल मागं. तालेवार नवरा मिळाल्यावर डबेवाल्या भुजंगची मजा बघितली. डोळे सुजले होते म्हणे. सुजवता येतात डोळे.

दुपारी मुंजाजी येऊन गेला. ठराव पुढल्या बैठकीत घेऊ म्हणाले दिनकरराव. "चल, तू बी त्याच बैठकीत ये," म्हणाला. जाताना आईला म्हणाला, "पोराला चार दिस बाहीर सोडू नगा, वयनी. आता कुणाला मारावं हेच त्याला उमगत न्हाई."

९ मार्च

आप्पा घरी आले. आईनं पाट दिला, बसले नाहीत. उपरण्याच्या गाठीतून हळकुंड काढून माझ्या हातावर ठेवलं.

"तुमचं हाय. शिवरात्रीला दिनकररावानं माझ्या हातावर ठिवलं. म्हणला, तुझ्या पोरीनं चोरून निरोप धाडला, भुजंगनं आणून दिला, मत न्हाई तर गावभर करीन. सोयरीक आलीय, काईतरी करा — येवढंच तिला सांगायचं होतं तुमाला. दुकानातल्या पोत्यातलं उचललं पोरीनं. तवर मी उदगीरकरांना हो म्हणलो नव्हतो."

मी हळकुंड मुठीत धरलं.

"मी आखाड्यावर कशाला आलतो? मताचं मला काय. पोरगी म्हणली, एकदा भुजंगरावाला बघा. चार दिस संगं ऱ्हावून बघितलं." दाराशी जाऊन थांबले. "दुकानाचं कुलूप लागलं नव्हतं त्या दिशी."

मग उंबऱ्याबाहेर, माझ्याकडं न बघता —

"ती अजून म्हणती, भुजंगनं दिलं नसंल. कुणीतरी हिसकून घेतलं असंल."